हाताला घाबरणारा कुत्रा: स्पर्शाची सवय नेमकी कशी लावता?

पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. रस्त्यावरून घरी आणलेला कुत्रा पोटभर जेवतो, मागे मागे फिरतो, दारात वाट बघतो. पण पाय पुसायला टॉवेल हातात घेतला की पलंगाखाली जाऊन बसतो. गोचीड काढू देत नाही, हार्नेस (छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा) चढवू देत नाही, कानात थेंब घालणं तर लांबच. हौशीने आणलेला कुत्रा याच एका कारणाने पुन्हा गॅलरीत बांधला जातो किंवा परत सोडला जातो, हे बघवत नाही.

इथे फॉस्टर करणारे (कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा सांभाळणारे), ग्रूमिंग करणारे (केस-नखांची निगा राखणारे), दवाखान्यात काम करणारे बरेच जण आहेत. 'प्रेम द्या, वेळ द्या' हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती सेकंद, कुठे हात, हातात काय, कधी थांबायचं आणि कुठे बिघडतं, तेवढं लिहा. कुत्रा कसा सापडला त्याची गोष्ट दुसऱ्या धाग्यावर.

फॉस्टर, पुणे

पहिले आठ-दहा दिवस हात लावायचाच नाही. गावठी कुत्र्याच्या लेखी माणसाचा वर गेलेला हात म्हणजे दगड, काठी नाहीतर पकडायची जाळी. कानाच्या टोकाला खाच असेल तर तो नसबंदी झालेला आहे, म्हणजे एकदा तरी त्याला पकडून गाडीत घातलेलं आहे. हे लक्षात ठेवून सुरुवात करावी.

या दिवसांत करायचं ते इतकंच: जमिनीवर, त्याच्याकडे कूस करून बसायचं. समोरासमोर नाही, आणि त्याच्या नि दाराच्या मध्ये तर अजिबात नाही. पळायची वाट मोकळी दिसली तरच तो जवळ येण्याचा विचार करतो. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे घ्यायचे आणि एकेक तुकडा त्याच्या पाठीमागे, चार-पाच फुटांवर टाकायचा. लोक तुकडा स्वतःजवळ टाकतात, तिथेच चुकतं. मागे टाकला की त्याला दोन गोष्टी मिळतात, खाऊ आणि अंतर. खाऊन तो वळतो आणि आपण होऊन दोन पावलं पुढे येतो. तो वळला की पुढचा तुकडा पुन्हा मागे. एका वेळी दहा तुकडे, दिवसातून दोनदा. आठवडाभरात वळून येण्याचं अंतर कमी होत गेलेलं दिसतं. नाही झालं तर तुम्ही फार लवकर फार जवळ बसलात.

तळहातावर खाऊ ठेवून 'ये ये' करू नका. भूक त्याला ओढून आणते, मान लांब करून तो तुकडा उचलतो आणि तुकडा संपल्यावर त्याच्या ध्यानात येतं की आपण माणसाच्या किती जवळ आलो आहोत. त्याच क्षणी माणूस डोक्यावरून हात फिरवायला जातो. बोटाला दात लागतो तो तेव्हा.

ट्रेनर, ठाणे

वरचं सगळं मान्य. त्यानंतरचा भाग लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

सूत्र एकच: हात आधी, खाऊ नंतर. हात लागला, हात निघाला, मग खाऊ आला. मध्ये अर्धा ते एक सेकंद. रशियन शास्त्रज्ञ पावलोवच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना घंटा ऐकू आल्यावर अन्न मिळत होतं, म्हणून घंटेला अर्थ आला. अन्न आधी देऊन मग घंटा वाजवली असती तर घंटा बिनकामाची राहिली असती. आपल्याकडे उलटं झालं तर बिनकामाचं राहून भागत नाही, खाऊच बिघडतो. खाऊची पिशवी उघडली की आता आपल्याला धरणार, हे कुत्रा दोन दिवसांत शिकतो. 'चिकन दिसलं की पळतो' अशी तक्रार आली की मी आधी हाच क्रम तपासतो. दहापैकी आठ घरांत दुसरा हात स्पर्शाच्या आधीच पिशवीत गेलेला असतो. खाऊ वाटीत घालून पाठीमागे किंवा स्टुलावर ठेवा, आणि स्पर्श संपेपर्यंत दुसरा हात मांडीवर गप्प ठेवा.

पायऱ्या अशा. हात मांडीवरून चार बोटं उचलायचा, परत ठेवायचा, खाऊ. हे शांतपणे होऊ लागलं की हात त्याच्या खांद्याच्या दिशेने अर्ध्यापर्यंत न्यायचा, परत, खाऊ. मग वीतभर अंतरावर थांबायचं. मग दोन बोटांची मागची बाजू खांद्याला एक सेकंद टेकवायची. तळहात नाही, कारण तळहाताने पकडता येतं आणि कुत्र्याला ते चांगलं कळतं. मग दोन सेकंद, तीन सेकंद. खांद्यावर जमलं की छातीची बाजू, मानेची बाजू, पाठ, कूस, मांडी, पुढच्या पायाचा वरचा भाग. पंजा, शेपूट, कान आणि तोंड अगदी शेवटी. डोक्यावर थोपटणं या यादीत नाही. त्याची कोणालाच गरज नसते.

जागा, वेळ आणि दाब यांपैकी एका वेळी एकच वाढवायचं. नवी जागा घेतली की वेळ पुन्हा एका सेकंदावर. सलग पाच वेळा तो सैल राहिला तर पुढची पायरी, दोनदा आक्रसला तर दोन पायऱ्या मागे. आठ-दहा वेळा झालं की बंद. मिनिट-दोन मिनिटांत आटपतं. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. वीस मिनिटं बसून 'आज पंजापर्यंत पोचायचंच' असं करणाऱ्यांचं काम हमखास मागे जातं.

तुकडा भिजवलेल्या हरभऱ्याच्या निम्मा, साधारण अर्धा ग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला ३० ग्रॅम चिकन सरावासाठी ठीक, म्हणजे साठ तुकडे. त्याहून जास्त दिलंत तर जेवणातून कमी करा. शाकाहारी घरांत पनीर चालतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसणाच्या रश्श्यातलं काहीही नको.

दवाखान्यातून, नाशिक

सराव सुरू करण्याआधी तपासणी. विशेषतः जो कुत्रा आधी हात लावू देत होता आणि आता देत नाही, त्याच्यात भीती शोधण्याआधी दुखणं शोधा. पावसाळ्यात कान चिघळणं फार. कानाजवळ हात नेला की डोकं झटकतो, एका बाजूला मान वाकडी ठेवतो, कानातून आंबूस वास येतो. वयस्कर कुत्र्यात कंबर आणि मागचे पाय. बसताना हळू बसतो आणि पाठीवर हात ठेवला की कातडी थरथरते. गोचीडतापातही अंग ठणकतं, कुत्रा सुस्तावतो, हिरड्या फिक्या दिसतात. दुखऱ्या जागी हात आणि मग चिकन, असा सराव कितीही केला तरी यश येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने हात खरंच दुखवतो आहे.

घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन 'थोडीशी' म्हणूनही देऊ नका. दोन्ही कुत्र्यांना विषारी ठरतात.

आणि रेबीजची लस झालेली नसेल तर हा धागा मिटून आधी ती. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. हळद, तिखट, चुना जखमेत भरू नका.

फॉस्टर, कोल्हापूर

गुरगुरण्याबद्दल. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला ओरडू नका, चापट तर नाहीच. गुरगुर ही त्याची सूचना आहे. ती मारून गप्प केली की भीती तशीच राहते, सूचना तेवढी जाते, आणि मग 'काहीच न करता चावला' असं होतं.

खरं तर गुरगुरीपर्यंत वेळ येऊच नये. त्याआधी तो बरंच सांगतो: ओठ किंवा नाक चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो पण डोळा तुमच्या हातावर ठेवतो (डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो), पुढचा पंजा उचलतो, वजन मागच्या पायांवर घेतो, धापत असेल तर एकदम तोंड मिटतो. सगळ्यात फसवं म्हणजे पुतळ्यासारखं थांबणं. लोक म्हणतात, 'बघा, किती शांत उभा राहिला!' तो शांत नसतो, थिजलेला असतो. कळत नसेल तर मोबाइल पुस्तकांवर टेकवून दोन मिनिटांचा सराव रेकॉर्ड करा आणि अर्ध्या वेगाने बघा. समोर बसून जे सुटतं ते तिथे दिसतं.

पहिल्यांदाच लिहितो, सातारा

आमच्याकडे जाणते लोक वेगळं सांगतात. एकदा घट्ट धरून ठेवायचं, कितीही धडपडला तरी सोडायचं नाही, थकला की त्याला कळतं की काही होत नाही. वासरांना असंच करतात. यात तथ्य आहे का?

ट्रेनर, ठाणे

थकतो, हे खरं. 'काही होत नाही' हे मात्र तो शिकत नाही. धडपडून उपयोग नाही, एवढंच शिकतो. १९६७ साली सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग याच गोष्टीचे होते: सुटका आपल्या हातात नाही हे एकदा ठसलं की पुढे वाट मोकळी असतानाही बरेच कुत्रे सुटायचा प्रयत्न करत नव्हते. घरात असा कुत्रा 'गरीब' दिसतो. मग एक दिवस कोणी लहान मूल त्याच्या अंगावर रेलतं आणि तो थेट चावतो, कारण मधल्या सगळ्या सूचना त्याने सोडून दिलेल्या असतात.

याच्या उलट करायचं. थांबवायचा अधिकार त्याला द्यायचा. तीन सेकंद हात फिरवा, हात काढून घ्या, आणि बघा. हाताखाली सरकला, अंगाने रेलला, नाकाने हात ढोसला, तर आणखी तीन सेकंद. नुसता बसून राहिला तर तो होकार समजू नका. उठून गेला तर जाऊ द्या, हाक मारू नका, खाऊ दाखवून परत आणू नका. आपण उठलो की हात थांबतो हे ज्याला पक्कं माहीत असतं तो जास्त वेळ थांबतो. ऐकायला उलटं वाटेल, पण याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

पुढच्या टप्प्यावर हाच अधिकार एखाद्या ठरावीक खुणेत बांधता येतो. घडी घातलेली चादर मांडीवर किंवा स्टुलावर ठेवायची आणि त्यावर हनुवटी टेकवायला शिकवायचं. टेकली की काम सुरू, उचलली की हात तत्काळ बाजूला. ब्रिटनमधले ट्रेनर चिराग पटेल यांनी बसवलेल्या बकेट गेममध्ये हनुवटीऐवजी नजर असते: खाऊच्या डब्याकडे बघत राहिला तर पुढे चला, नजर काढली तर थांबा. ज्याला टेकायची सवय लागत नाही त्याला हा प्रकार सोपा जातो.

ग्रूमर, मुंबई

टॉवेल. विचारलं त्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही म्हणून.

टॉवेल अंगावर येतो तेव्हा तो फक्त स्पर्श नसतो. मोठी फडफडणारी वस्तू, वरून येते आणि दिसणं बंद करते. म्हणून मोठा टॉवेल नकोच. हात पुसायचा नॅपकिन किंवा जुन्या सुती साडीचा दीड वीत तुकडा घ्या. पहिले तीन दिवस तो जमिनीवर पसरून त्यावर खाऊ टाका. मग घडी करून हातात धरा, खांद्याला टेकवा, खाऊ. मग एक पुसा, खाऊ; दोन पुसा, खाऊ. ओल्या पायांची घाई असते ते दिवस सरावाचे नाहीत. त्या दिवशी दारात जाड सुती पायपुसणं किंवा गोणपाट अंथरा आणि त्यावर खाऊ विखरा. तो शोधता शोधता चालतो आणि पंजे बऱ्यापैकी कोरडे होतात. हात लावायची गरजच पडत नाही.

पंजा उचलताना सरळ खाली वाकून पकडू नका. खांद्यापासून हात सरकवत कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत, मग पंजा. प्रत्येक टप्पा वेगळ्या दिवसाचा. पंजा मुठीत आवळायचा नसतो, तळहातावर पेलायचा. त्याने ओढला तर सोडून द्या.

नखांचं मशीन किंवा कटर आणायच्या आधी घासणीची फळी करून बघा. फुटभर रुंद, दोन फूट लांब प्लायवुड, त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर फेव्हिकॉलने चिकटवायचा, फळी तिरकी टेकवायची. फळीवर पंजा मारला की खाऊ. बहुतेक कुत्रे आठवडाभरात खरवडायला शिकतात आणि पुढची नखं स्वतःची स्वतः घासतात. मागच्या पायांची आणि अंगठ्याची नखं राहतात, ती कापावीच लागतात. काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून एका वेळी मिलिमीटरभरच कापा. कापलेल्या जागी मधोमध काळसर ओलसर ठिपका दिसला की थांबा. रक्त आलं तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरा. एका दिवसात एकच नख कापलं तरी चालतं. अठरा दिवसांत चारही पाय होतात आणि कोणी रडत नाही.

ताटलीत दही फासून तो चाटत असताना काम उरकणं हा आमच्या धंद्यातला नेहमीचा मार्ग आहे. तोही वापरा.

ट्रेनर, ठाणे

दह्याच्या ताटलीवर थोडा आक्षेप. अर्धवट सवय झालेल्या कामाला ठीक. अजिबात सवय नसलेल्या कामाला लावली तर चाटण्याच्या नादात तो सहन करतो, ताटली संपते, आणि पायाला कटर लागलेलं त्याला एकदम जाणवतं. दही संपायच्या आधी हात काढायचा, आणि चाटणं मध्येच थांबलं तर तो नकार समजायचा. एवढं पाळलं तर हरकत नाही.

ग्रूमर, मुंबई

मान्य. चाटणं थांबलं की हात थांबलाच पाहिजे.

कोकणातून

गोचीड. जो कुत्रा हात लावू देत नाही त्याच्या गोचिडी हाताने काढत बसणं म्हणजे रोज विश्वास मोडणं. व्हेटला सांगून तोंडावाटे द्यायची गोचीडनाशक गोळी घ्या. चघळायची असते, महिन्याला एक किंवा काही प्रकारांत तीन महिन्यांना एक. मात्रा वजनावर ठरते, आणि फिट येणारा कुत्रा असेल तर ते आधी सांगावं लागतं. एखादी काढायचीच झाली तर चिमटा कातडीला अगदी लगटून धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, नखाने चिरडू नका. साबणाच्या पाण्यात टाका.

फॉस्टर, पुणे

हार्नेसबद्दल दोन शब्द. डोक्यावरून घालायचा हार्नेस भित्र्या कुत्र्याला सगळ्यात जड जातो. मानेपाशी बकल असलेला, छातीवर इंग्रजी वायच्या आकाराचा घ्या, म्हणजे डोकं कशातून घालावंच लागत नाही. बकलचा 'खट्ट' आवाज वेगळा शिकवा: आधी दुसऱ्या खोलीत खट्ट, खाऊ, मग जवळ, मग अंगावर. सुटण्याची भीती असेल तर पोटाशी दुसरा पट्टा असलेला हार्नेस घ्या, कारण घाबरलेला कुत्रा उलटा सरकून साध्या हार्नेसमधून सहज निघतो. आणि घरात दिवसभर घालून ठेवू नका. बगलेत घासून कातडी सोलवटते, मग तिथे हात लावू देत नाही आणि आपण भीतीला दोष देतो.

काठीला बांधलेल्या हातमोज्याने लांबून स्पर्शाची सवय लावायचे व्हिडिओ फिरतात. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यावर ते करू नका. त्याने काठी पाहिलेली आहे. अंतर हवंच असेल तर स्वयंपाकघरातली लांब दांड्याची पळी घ्या, टोकाला दही लावून चाटू द्या. चार-पाच दिवसांनी पळीचा दांडा हळूहळू आखूड धरत या.

दवाखान्यातून, नाशिक

मुसक्याबद्दल राहिलं. कापडी, तोंड घट्ट बंद करणारा मुसका दोन मिनिटांच्या कामापुरताच. त्यात कुत्र्याला धापता येत नाही आणि आपल्या उन्हात अंग तापायला वेळ लागत नाही. पिंजऱ्यासारखा जाळीचा मुसका घ्या, ज्यात तोंड उघडून धापता येतं, पाणी पिता येतं. आत दही फासा आणि मुसका स्थिर धरा. नाक त्याने घालायचं, तुम्ही चढवायचा नाही. एक सेकंद, पाच, दहा. मग पट्टा कानामागे फक्त टेकवा. मग लावा आणि लगेच काढा. दोन-तीन आठवडे लागतात. दवाखान्यात पहिल्यांदा चढवलेला मुसका कायमचा शत्रू होतो.

दवाखान्यात यायच्या आधी द्यायची भीती कमी करणारी औषधं असतात, गॅबापेन्टिन त्यातलं एक. आम्हाला विचारा, लाजू नका. घरी एकदा देऊन परिणाम बघा, थेट भेटीच्या दिवशी पहिला डोस नको. माणसांचं पातळ औषध परस्पर आणू नका. काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असतं आणि ते कुत्र्यांना घातक आहे.

बंगळूरहून

घरी येणाऱ्यांना सांगायचं वाक्य आम्ही ठरवून टाकलं आहे: बघू नका, बोलू नका, हात लावू नका. कामाच्या मावशींना, कुरिअरवाल्याला, सासूबाईंना, सगळ्यांना तेच. घरातल्या एकाच माणसाने लावलेली सवय दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. प्रत्येकाने खांद्यापासून पुन्हा सुरू करायचं; फक्त दुसऱ्यांदा लवकर होतं. लहान मुलांनी मात्र खाऊ मागे टाकायचा, स्पर्श नाही.

फॉस्टर, कोल्हापूर

फटाक्यांच्या दिवसांत सराव बंद. एकावर एक भीती साचते; सकाळी बॉम्ब, दुपारी पाहुणे, आणि संध्याकाळी खांद्याला लागलेल्या नेहमीच्या हातावर तो उसळतो. आवाज थांबल्यावरही दोन-तीन दिवस सोडा आणि आधीच्या चार पायऱ्या मागून धरा. मागे गेला म्हणून घाबरू नका. दुसऱ्यांदा चढताना वेळ कमी लागतो.

दवाखान्यातून, नाशिक

एक प्रश्न मला रोज येतो: 'सराव आठवडे चालणार, पण कानात थेंब आजपासून घालायचे आहेत. मग?' दोन्ही वेगळं ठेवा. औषधाची जागा वेगळी, उदाहरणार्थ बाथरूमचा दरवाजा. चटई वेगळी, माणूस शक्य असेल तर वेगळा. सरावाची चादर तिथे न्यायची नाही, सरावाचे शब्द तिथे वापरायचे नाहीत. बाटली आधी दोन-तीन मिनिटं मुठीत धरून कोमट करा. गार थेंबाने कुत्रा उडतो तो दुखलं म्हणून नव्हे, दचकून. थेंब झाले की पाच-सहा तुकडे एकापाठोपाठ, आणि दार उघडं. कान बरा झाल्यावर बाटलीचा सराव सुरू करा, बंद झाकणाने, खांद्यापासून. कान अगदीच चिघळलेला असेल तर व्हेटला दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाबद्दल विचारा. काही औषधं दवाखान्यात एकदा घातली की काही आठवडे काम करतात, मग रोजची झटापट टळते.